पहिली खेप अनुभवाची

शुक्रवार पेठेत मी तीस वर्षं गणिताचे क्लास घेतले. पहिला प्रयत्न अनुभवासाठी द्यायचा, हा माझा मंत्र. पोलीस भरती असो, बँक असो, दुसऱ्या खेपेला माझी पोरं पास व्हायची आणि पेढे घेऊन घरी यायची. त्या पेढ्यांनीच माझं डोकं फिरवलं असावं.

माझ्या मुलीला, महेश्वरीला, हवाई दलात पायलट व्हायचं होतं. शाळेपासून दुसरं काही तिला सुचतच नव्हतं. म्हैसूरहून निवडीचं बोलावणं आलं, तेव्हा तिच्या उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघून जेमतेम आठवडा झाला होता.

"अप्पा, पुढची तारीख मागते की," ती म्हणाली. "मशिनवर टेस्ट असती. हात लई दुखतोय."

"तारीख मागितली की माणूस नजरेतनं उतरतो. जाऊन तर ये. न्हाई जमलं तर परत देऊ. अनुभव मिळंल."

"ती टेस्ट एकदाच देता येती म्हणं."

"असं सगळ्याच परीक्षांचं म्हणत्यात," मी म्हणालो. पत्र उघडूनही पाहिलं नाही. प्रश्न नीट वाचला नाही म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलेला माणूस मी.

ती गेली. चार-पाच दिवसांच्या मुलाखती, मैदानावरची कामं, सगळ्यांत पास झाली. शेवटी त्या मशिनवर बसवलं. पडद्यावरचा ठिपका हातातल्या दांडीनं चौकटीत धरून ठेवायचा होता. मनगट थरथरत राहिलं आणि ठिपका निसटत राहिला. नापास.

मी तिथल्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा साहेब आवाज न चढवता बोलला. "सर, पायलटसाठी ही टेस्ट आयुष्यात एकदाच. पत्रात लिहिलंय." मी प्लॅस्टरचं सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी पाठवतो म्हणालो, शेवटी फोनवरच हात जोडले. त्याला ते काय कपाळ दिसणार होते. "वाईट वाटतं, सर," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत असावं. भांडावं तर कुणाशी, तेच कळेना.

फोन ठेवून वळलो तर महेश्वरी दारात उभी. आता ही तोंडावर बोलणार, असं वाटलं. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

"कशाला त्यांच्या हातापाया पडताय अप्पा," ती म्हणाली. "चूक माझीच हाय. तुमाला न्हाई म्हणायला मला कधी जमलंच न्हाई."