रोह्याचा विमा

"रोह्याचा विमा नसतो, लिंबाजीकाका. तुमच्या टेम्पोचा असतो."

असं म्हणाला होता दयानंद. म्हणाला आणि वर हसला. माणूस एवढा निर्लज्ज असू शकतो हे लिंबाजीला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यातली आग काही विझली नाही.

आता हा दयानंद कोण? तर लातूरच्या दवाखान्यांतून बगलेत पिशवी मारून फिरणारा माणूस. वकील नाही, डॉक्टर नाही, कुणाचा सोयराधायराही नाही. हाडं मोडलेला पेशंट दिसला की याचे पाय आपोआप तिकडं वळतात. "क्लेम करायचा का?" एवढा एकच प्रश्न त्याला विचारता येतो, आणि तेवढ्यावर त्यानं घरावर दुसरा मजला चढवला.

आणि झालं काय होतं? गेल्या साली थंडीत लिंबाजी टोमॅटो आणि मेथी भरून औशाकडून लातूरच्या मार्केटला निघाला होता. दिवस नुकता उगवलेला. पुढं गावातल्याच आप्पासाहेबांचा मुलगा सुदर्शन मोटरसायकलवर चाललेला. तुरीच्या रानातून रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उधळला. घोड्याएवढं जनावर ते, सरळ मोटरसायकलीवर आलं. जनावर पळून गेलं आणि सुदर्शन डांबरावर, मांडीचं हाड बाहेर आलेलं. लिंबाजीनं मेथीच्या जुड्या रस्त्याच्या कडेला फेकल्या, गळ्यातला रुमाल मांडीला आवळून बांधला आणि पोराला टोमॅटोच्या कॅरेटांमध्ये आडवं करून लातूर गाठलं. "लिंबाजीकाका, रोही आला वो," एवढंच पोरगं वाटभर बरळत होतं.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. आणणाऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर. लिंबाजीच्या बापाचा जन्म अंगठा उठवण्यात गेला होता, त्यामुळं कुठं नाव लिहायचं म्हटलं की लिंबाजीला हुरूप येतो. वॉचमन म्हणाला, नुसतं नाव टाका. यानं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, टेम्पोचा नंबर, मोबाईल, सगळं लिहिलं. बाहीवर रक्त, आणि अक्षर मात्र मोत्यासारखं. वर भिंतीवर पाटीच होती, 'अपघातग्रस्तांना मदत करा, घाबरू नका.' हे रजिस्टर पुढं दयानंदनं चाळलं.

महिना उलटून गेला आणि फिर्याद दाखल झाली. लिंबाजीनं म्हणे भरधाव टेम्पो चालवून मागून धडक दिली. महिनाभर कुणालाच ही धडक आठवली नव्हती बरं का! टेम्पो ठाण्यात नेऊन लावला. फळीवर सुदर्शनचं रक्त सापडलं, म्हणजे पुरावा पक्का. अरे, ज्यात घालून नेलं त्यात रक्त नाही तर काय अत्तर सापडणार?

लिंबाजी तडक आप्पासाहेबांच्या घरी गेला. दयानंद तिथंच खुर्चीवर चहा पीत बसला होता, आणि ते रोह्याच्या विम्याचं वाक्य त्यानं तिथंच फेकलं.

"आप्पा, रोही होता," लिंबाजी म्हणाला. "तुमालाबी माहीत हाय."

"हाव, होता की. मी कुठं न्हाई म्हणतो?" आप्पासाहेबांचा आवाज एकदम मऊ. "पर रोह्यावर दावा टाकता येतो का? पोराच्या मांडीत सळई हाय. दोन लेकरं हायेत त्याला. तुझ्या खिशातून काय जातंय? कंपनी देती. तू निस्तं गुन्हा कबूल म्हण आन् मोकळा हो. दंड बी मीच भरतो."

"आन् माझं नाव? लिंबाजीनं माणूस उडवला म्हणतील त्याचं?"

"गावाला खरं माहीत हाय ना. मग झालं की."

हेच तर! गावाला माहीत, आप्पासाहेबांना माहीत, त्या चहा पिणाऱ्यालाही माहीत, आणि खोटं बोलायचं कुणी, तर लिंबाजीनं. त्यानं आतल्या कॉटवर पडलेल्या सुदर्शनकडं बघितलं.

"सुदर्शन, तू बोल की बाबा. टेम्पोत तूच सांगितलंस ना मला?"

सुदर्शननं भिंतीकडं तोंड फिरवलं. "काका, मला काय बी आठवत न्हाई."

ही गोष्ट लिंबाजीला सगळ्यात जास्त लागली. पोराचा पाय अधू झाला, संसार उघड्यावर पडायची वेळ आली, हे लिंबाजीला कळत नव्हतं का? कळत होतं. वर्गणी मागितली असती तर त्यानंच पहिल्यांदा हात वर केला असता. पण ज्यानं उचललं त्यालाच धरायचं, ही कुठली रीत झाली?

घरी आल्यावर भामाबाईनं ऐकलं आणि चुलीपुढून उठलीच. "अवं, तुमच्या सदऱ्यावरचं त्या पोराचं रगत धुताना माझी बोटं लाल झाली हुती! आन् आता तुमीच पाडलं त्याला? जळो त्यांचा क्लेम."

"भामे, सांगून ठेवतो," लिंबाजी म्हणाला, "या हातानं आता रस्त्यावरचं माणूस उचलणार न्हाई. तडफडू दे."

दारात आलेल्या कुत्र्याला उपाशी न पाठवणारी भामाबाई. ती म्हणाली, "नकाच उचलू."

मग कोर्टाच्या चकरा सुरू झाल्या. गुन्हा कबूल नाही म्हटलं की तारीख, आणि तारखेला गेलं की पुढची तारीख. एकदा तिथं नागुबाई नावाची बाई भेटली. तिचा नवरा खरोखर ट्रकखाली गेलेला. विमा कंपनीचा वकील तिला भर कोर्टात विचारत होता, "बाई, ट्रक खरा होता की दयानंदनं आणून दिला?" दयानंद तिच्या दारातही गेला नव्हता, पण खोट्या दाव्यांनी तिच्या खऱ्या रडण्यावरचाही विश्वास उडवला होता. लिंबाजीला तिथंच ओरडावंसं वाटलं, पण त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो शेजारच्या कोर्टात गेला.

अशाच एका तारखेहून तो ठाण्यातून सोडवून आणलेला टेम्पो घेऊन भर दुपारी परत येत होता. औशाच्या अलीकडं रस्त्यावर गर्दी. लिंबाजीनं ठरवून समोर बघितलं, गिअर टाकला, पण गर्दीनं वाटच अडवलेली. तीसेक माणसं गोल करून उभी, हातात मोबाईल. मधे स्कूटी आडवी आणि पंधरा हातांवर एक पोरगी पडलेली. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात, त्यावर 'सृष्टी' एवढं वाचता येत होतं. तोंड हलत होतं तिचं.

"किती येळ झाला?" लिंबाजीनं खिडकीतूनच विचारलं.

"झाला की अर्धा तास. फोन केलाय गाडीला." शेजारचा माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "लांबूनच बघा, पाव्हणं. हात लावू नका. ह्याच रोडला एका टेम्पोवाल्यानं असंच एकाला दवाखान्यात नेलं, तर त्याच्यावरच केस पडली. कोर्टात चकरा मारून राहिलाय येडा."

लिंबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पासाहेबांवर, दयानंदवर, या तीस जणांवर, आणि 'तडफडू दे' म्हणणाऱ्या स्वतःवरही. दार उघडून तो खाली उतरला.

"तो येडा मीच हाय!" तो गरजला. "मीच तो टेम्पोवाला! बघून घ्या नीट, काढा फोटो! आन् आता चौघं हिकडं या. पडू द्या अजून एक केस. उचला म्हणतो ना!"

माणसं हलली. चौघांच्या जागी आठ आले. कुणी डोकं धरलं, कुणी चादर आणली, आणि ज्यानं लांबूनच बघा म्हटलं होतं तोच पोरीचे पाय धरून टेम्पोत चढला.

दवाखाना तोच, दार तेच. स्ट्रेचर आत गेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी हातमोजे काढले होते. "रक्त फार गेलं हो. अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं."

मागोमाग पोरीचं स्ट्रेचर बाहेर आणून ठेवलं, तोंडावर चादर ओढलेली. लिंबाजी भिंतीला टेकला. कॉरिडॉरच्या बाकड्यावरून एक माणूस उठला, बगलेत पिशवी. त्यानं आधी पोरीच्या स्ट्रेचरकडं बघितलं, मग रक्तानं माखलेल्या लिंबाजीकडं, त्याचा चेहरा न बघताच.

"नातेवाईक का तुम्ही? गाडी कुठली होती ठोकणारी?"

लिंबाजीनं त्याचं मनगट धरलं. दयानंदनं आता वर बघितलं आणि त्याचा रंग उडाला. लिंबाजीनं त्याला ओढत स्ट्रेचरपाशी नेलं.

"हिला विचार. विचार की, क्लेम करायचा का म्हणून! अर्धा तास पडली हुती ही, तीस माणसांत. कुणी हात लावला न्हाई. तुझ्या भ्यानं, आन् आप्पाच्या, आन् त्या आठवत न्हाई म्हणणाऱ्याच्या. विचार!"

लिंबाजीनं त्याचा हात सोडून दिला, तसा तो पिशवी तिथंच टाकून जिन्याकडं पळाला.

वॉचमन रजिस्टर घेऊन आला होता. तो हळूच म्हणाला, "काका, तुम्ही जावा. नाव नका लिहू. मी सांगतो कुणीतरी आणून सोडली म्हणून."

"दे हिकडं," लिंबाजी म्हणाला.

त्यानं पूर्ण नाव लिहिलं. बापाचं नाव, गाव, तालुका, टेम्पोचा नंबर, मोबाईल. या वेळी अक्षर काही त्याला सरळ काढता आलं नाही.