बुरनूचे केस

कापूस वेचता वेचता उषाबाई सरीतच एका अंगावर कलली. लकवा. नवऱ्यानं, कडूबानं, शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून तिला भोकरदनहून थेट संभाजीनगरला नेलं. वेळेत आणलं म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. आधी वाचा परत आली, मग पाय आला. उजवा हात मात्र आला तो अर्धाच. बोटं जरा मिटायची, पण धरलेलं कधी सुटून पडेल त्याचा नेम नसायचा. कातडीही बधीर. झोपेत कूस बदलताना तो हात ती डाव्या हातानं उचलून घ्यायची, दुसऱ्याचं तान्हं लेकरू बाजूला सरकवावं तसा.

घरी परतल्यावर शेजारची गोजरबाई भाकरी थापायला येऊ लागली आणि चहा कडूबा करू लागला. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एक रबरी चेंडू दिला होता, तो दिवसभर दाबायचा. उषाबाईनं तो बाजेखाली भिरकावला. "म्या काय लहान लेकरू हाय का चेंडू खेळायला?" म्हणाली. मळ्याच्या फाटकाबाहेर तर ती पाऊलच टाकेना. बाजारात हातातली पिशवी गळून पडली तर लोक काय म्हणतील, ही एकच धास्ती.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती, पण ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. दवाखान्यात पडून पडून तिच्या कमरेइतक्या केसांची जट झाली होती. सुनेनं, आकांक्षानं, सगळ्यांच्या देखत कात्री आणून ते मानेवरून कापले. तेव्हा उषाबाईला बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. कात्रीचा करकर आवाज कानापाशी आला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नर्स म्हणाली, "लकव्यात डोळे गळतात." केस पुन्हा वाढू लागले होते, पण सून आली की उषाबाई डोक्यावरचा पदर तसूभर मागे सरकू द्यायची नाही. आकांक्षाही काही बोलायची नाही. दोघींचं बोलणं "जेवलीस का" आणि "गोळ्या घेतल्या का" यापुढं जात नव्हतं.

उन्हाळ्यात रामप्रसादनं, म्हणजे लेकानं, कुत्रा आणला. लेक जालन्यात एका बियाणं कंपनीच्या कार्यालयात होता. तिथल्या साहेबांची बदली लांब झाली आणि त्यांचा गोल्डन रिट्रीव्हर मागे राहिला. फ्लॅटमध्ये एवढा मोठा कुत्रा ठेवायचा कसा, म्हणून तो मळ्यावर आला. साहेबांनी नाव ठेवलं होतं ब्रुनो. उषाबाईच्या तोंडात ते जोडाक्षर अडकायचं. ती म्हणायची बुरनू. कुत्र्याला त्याचं काही वाटलं नाही. ब्रुनो म्हटलं तरी यायचा, बुरनू म्हटलं तर जास्त पळत यायचा.

मधासारखे पिवळे, लांब केस होते त्याचे. शेपटी तर पंख्यासारखी. पण पावसाळाभर तो बांधाबांधानं हिंडला, चिखलात लोळला, आणि दसऱ्यापर्यंत त्याचं ध्यान झालं. पोटाखाली गोखरू, मांड्यांत कुसळं, कानामागं तर लोकरीचा गोळा थापून बसवल्यासारखी जट. खाजवून खाजवून बिचारा रात्री झोपेना.

"आबाराव मेंढ्या कातरायला येऊन राह्यला पुढच्या हप्त्यात," कडूबा एक दिवस म्हणाला. "त्यालाच सांगतो, याला बी भादरून टाक. कटकटच नको."

"भादरायचं न्हाई," उषाबाई म्हणाली.

"अगं, जटा झाल्या त्याच्या!"

"झाल्या तर सोडवायच्या. कापायचं म्हणजे लय सोपं असतंय. ज्याचे कापले त्याला इचारलं का कोणी?"

कडूबा हसायला लागला, कुत्र्याला काय विचारायचं म्हणून. पण बायकोच्या तोंडाकडं पाहून त्याचं हसू अर्ध्यातच विरलं. तो उगीच गोठ्याकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाहीसं बघून उषाबाईनं बैलांचा खरारा काढला. लोखंडी दात्यांचा, वर्षानुवर्षं वापरलेला. डाव्या हातानं तिनं बुरनूच्या मांडीवरून तो ओढला. दाते जटेत अडकले. तिला वाटलं, जरा जोर लावला की निघेल. तिनं हिसका दिला, आणि बुरनू असा केकाटला की झाडावरची पाखरं उडाली. तो ट्रॉलीखाली जाऊन बसला. ती "बुरनू, बुरनू" करत वाकली, तर त्यानं तोंड फिरवलं. भाकरीचा तुकडा पुढं केला, तोही घेतला नाही.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून लेकाला फोन लावला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"कुत्र्याचा ब्रश मिळतो का रे तिकडं?"

"मिळतो ना आई. येताना घेऊन येतो."

"तू नको आणू. तुला काय कळतंय. मलाच ने जालन्याला."

पलीकडून रामप्रसादनं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन येतो."

रविवारी लेक-सून दोघं आली. बुरनूला मागच्या सीटवर चढवलं, त्याच्या एका बाजूला उषाबाई, दुसऱ्या बाजूला आकांक्षा. वाटेत रामप्रसादनं सांगितलं, की जनावरांच्या डॉक्टरांना त्यानं विचारलं होतं. सरसकट भादरू नका, उघड्या चामडीला ऊन लागतं, सुटतील तेवढ्या जटा सोडवा, अगदीच कातडीला चिकटली असेल तेवढीच कापा, असं ते म्हणाले. "बघा," असं उषाबाई कडूबाला म्हणाली असती, पण कडूबा मळ्यावर राहिला होता.

दुकान जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला. पक्ष्यांचे दाणे, माशांच्या टाक्या, पट्टे, साखळ्या. दुकानदार राधेश्याम पोट सुटलेला, बोलका माणूस. त्यानं बुरनूच्या कानामागं बोट घालून बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"बराबर वेळेत आले तुम्ही. आणखी एक महिना गेला असता तर मशीनच लावावी लागली असती."

त्यानं काउंटरवर ब्रशच ब्रश मांडले. एकाला बारीक, वाकड्या तारा होत्या. एकाला लांब, सरळ काड्या, प्रत्येकीच्या टोकाला मण्यासारखा गोळा. एक पोलादी फणी, अर्धे दाते विरळ, अर्धे दाट. एक बागेतल्या दाताळ्यासारखं. आणि एक रबरी हातमोजा, तळव्यावर मऊ बोंडं असलेला.

"हा घ्या मावशी, सगळ्यात सोपा," राधेश्याम हातमोजा पुढं करत म्हणाला. त्याची नजर तिच्या लुळ्या हातावरून जाऊन आली होती. "धरायची भानगडच नाही. हातात घातला की झालं."

"यानं जट सुटती का?"

"जट नाही सुटत. वरचे गळके केस निघतात फक्त."

"मंग काय कामाचा? त्याला जट हाय."

राधेश्याम हसला. "ते बी खरंच आहे. मग असं करा, कुत्र्यावर चालवायच्या आधी स्वतःच्या हातावर चालवून बघा. आपल्याला टोचलं, तर त्याला टोचणारच."

उषाबाईनं वाकड्या तारांचा ब्रश डाव्या हातात घेतला. मग चालवून बघायला उरला तो उजवाच हात. तिनं तो काउंटरवर ठेवला आणि ब्रश मनगटावरून ओढला. काही कळलं नाही. आणखी दाबून ओढला. कातडीवर लाल रेघा उठल्या.

"आई, हळू!" आकांक्षानं तिचा हात धरला. "ओरखडे उठून राह्यले."

"थांब." उषाबाईनं डोळे मिटले. कुठूनतरी लांबून, जाड गोधडीच्या पलीकडून यावं तसं काहीतरी आलं होतं. तिनं पुन्हा ब्रश ओढला, हलकेच. आलं. मुंग्यांची रांग जावी तसं, बारीक, पण आलं.

"टोचलं," ती म्हणाली. "अगं, मला टोचून राह्यलं!"

माशांच्या टाकीजवळ उभा असलेला रामप्रसाद धावत आला. राधेश्यामला काय झालं ते कळेना. तो घाईनं म्हणाला, "मावशी, टोचत असेल तर दुसरा बघू, आपल्याकडं बिलकुल मऊ माल बी आहे." त्यावर आकांक्षाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

गोल टोकांचा ब्रश मात्र उषाबाईला हातावर जाणवेना. तेवढी जाण अजून आली नव्हती. तो टोचतो की नाही, हे ठरवायचं कसं? आकांक्षानं बाही वर सारली आणि आपला हात काउंटरवर, सासूच्या हाताशेजारी ठेवला.

"माझ्या हातावर बघा."

उषाबाईनं सुनेच्या कोपरापासून मनगटापर्यंत ब्रश फिरवला. "टोचून राह्यला का?"

"न्हाई. गुदगुल्या होऊन राह्यल्या."

एकेक करून त्यांनी सगळे तपासले. दाताळं दोघींनी एकमतानं बाद केलं. वाकड्या तारांचा फक्त शेपटीला, तोही अलगद, असं ठरलं. रोजच्याला गोल टोकांचा. जटांना पोलादी फणी. राधेश्यामनं रीत सांगितली. जट ओली करायची नाही, पाण्यानं ती आणखी घट्ट होते. एका हातानं केस मुळाशी धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. आणि सुरुवात टोकाकडून करायची, मुळाकडून कधीच नाही.

पण गोल टोकांच्या त्या ब्रशची मूठ प्लॅस्टिकची, बारीक. उजव्या हातात दिला तसा तो निसटला आणि फरशीवर खणकन पडला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. ज्या गोष्टीला उषाबाई वर्षभर घाबरत होती, ती ही. तिची मान खाली गेली.

राधेश्यामनं ब्रश उचलला, पुसला आणि आत जाऊन दुसराच घेऊन आला. लाकडी, जाड मुठीचा, जरा धूळ बसलेला. "जुना माल आहे. जड म्हणून कोणी घेत नाही. बघा तुम्ही."

तिनं बोटं मिटली. लाकूड तळव्यात नीट बसलं. जड होतं म्हणूनच हातात काहीतरी आहे हे कळत होतं. तो पडला नाही.

"हाच," ती म्हणाली.

फणीचा दांडा बारीकच होता. घरी आल्यावर कडूबानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याला गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता तो शेतात नवं बियाणं पेरल्यासारखा खुशीत होता, पण बोलला एवढंच, "धरून बघ. कमी वाटली तर आणखी एक फेरा देतो."

सगळं सामान तयार होतं, पण बुरनू जवळ येईना. खराऱ्याचा हिसका तो विसरला नव्हता. उषाबाई बाजेवर बसून राहायची, ब्रश शेजारी ठेवून. तो लांबून बघायचा. मग जवळ येऊन ब्रश हुंगला. मग एका सकाळी मोठा सुस्कारा टाकून तिच्या पायांवर अंग टाकून पडला. तिनं पहिल्यांदा नुसती पाठ विंचरली, जिथं जट नव्हती तिथं. त्याचे डोळे मिटायला लागले तसं तिला बरं वाटलं, खूप दिवसांनी आपल्यामुळं कुणाला तरी आराम मिळाला म्हणून.

मग ते रोजचंच झालं. डाव्या हातानं मुळाशी धरायचं, उजव्यानं टोकाकडून सोडवत यायचं. हात भरून यायचा, बोटं ताठ व्हायची. मग ती थांबायची आणि बुरनू डोळा उघडून बघायचा, का थांबली म्हणून. पोटाखालची गोखरं सुटली. मांड्या मोकळ्या झाल्या. निघालेले केस वाऱ्यानं अंगणभर उडायचे आणि गोजरबाई झाडू हातात घेऊन कुरकुरायची, "हे कुत्रं हाय का कापसाचं बोंड!"

कानामागची जट तेवढी ऐकेना. आत कातडी लाल झाली होती. दिवाळीला आकांक्षा आली तेव्हा दोघी त्याला मध्ये घेऊन बसल्या. बराच वेळ खटपट करून आकांक्षानं छोटी कात्री काढली, पण उघडली नाही.

"आई, कापू का?"

उषाबाईनं तिच्याकडं बघितलं. ती कशाबद्दल विचारत होती, ते दोघींनाही माहीत होतं.

"तवा बी इचारायला पाहिजे होतं मी," आकांक्षा खाली बघत म्हणाली. "तुमाला त्रास होऊन राह्यला म्हणून घाई केली. तुमाला कळत नसंल असं वाटलं."

"कळत होतं," उषाबाई म्हणाली. मग पदर सावरत, "जट बी लय झाली होती म्हणा." तिनं बुरनूचा कान आपल्या हातात धरला, उजव्या हातात. "काप. जपून. म्या धरते."

जट निघाली. बुरनूनं डोकं झाडलं, दोन्ही कान फडफडवले आणि अंगणात वेड्यासारख्या गिरक्या घेतल्या. त्या दुपारी आकांक्षानं सासूचे खांद्यावर आलेले केस तेल लावून विंचरले. पदर बाजूला पडला होता, आणि तो सावरायची उषाबाईला आठवण झाली नाही.

पुढच्या तपासणीला मॅडमनी तिच्या मुठीचा जोर बघितला आणि विचारलं, "चेंडू दाबता ना रोज?" उषाबाईनं खरं ते सांगितलं. मॅडम हसल्या. भाकरी थापायला अजून वेळ आहे, म्हणाल्या, सगळी बोटं पहिल्यासारखी होतीलच असं नाही, पण जे चाललंय ते सोडू नका.

थंडी पडली तेव्हा ती कडूबाबरोबर भोकरदनच्या बाजारात गेली, बुरनूला साखळीला धरून. साखळी डाव्या हातात, पिशवी उजव्या हातात. पिशवी एकदा निसटली. कांदे रस्त्यावर घरंगळले, तशा आजूबाजूच्या बायांनी ते गोळा करून दिले, आणि सगळ्यांनी कुत्र्याच्याच केसांचं कौतुक केलं. शीतल नावाची शाळेतली बाई तर थांबूनच राहिली. तिच्या घरी पांढरं झुपकेदार कुत्रं होतं, दिल्लीहून भावानं पाठवलेलं. आता त्याचे केस असे गुंतले होते की ते कुणाला हातच लावू देत नव्हतं.

"कोणता ब्रश घेऊ, मावशी?"

"असं सांगून काय कळणार. घेऊन या त्याला मळ्यावर," उषाबाई म्हणाली. "आन् येताना बाही वर सारता येईल असा ब्लाऊज घाला. आधी तुमच्या हातावर बघावं लागंल."

रविवारी सकाळी फाटकापाशी रिक्षा थांबली. शीतलच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी गुरगुरत होतं. बुरनू शेपटी हलवत पुढं धावला.

"अहो, बाज उन्हात काढा," उषाबाईनं कडूबाला हाक दिली, आणि फळीवरची फणी उतरवायला ती उठली.