शिवलेली शेवटची पानं

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझं निम्मं अंग आता शिल्लक नाही. कागद फाटल्याचा आवाज आला की उरलेलं अंग अजून आकसतं.

माझ्या गोष्टीतला कवी खरोखर होऊन गेलेला, खून मात्र लेखकाने मनाने रचलेला. कवीच्या मठात त्याचा शिष्य मेलेला सापडतो, पोथी नाहीशी होते आणि कवीच खुनी शोधायला निघतो.

१९७२ साली अनसिंग गावच्या पंचफुलाने मला बाजारातून आणलं. ती प्रौढांच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकली होती. दुपारी दळण आटोपलं की जात्याशेजारी बसून, ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायची. नवरा भिवाजी निरक्षर. तो बाजेवर पडून ऐकायचा. जिथे थांबायची त्या पानाला ती गोधडीच्या हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालायची.

पुढे पुढे संशय कवीवरच येऊ लागला. त्याचीच गाणी ती जात्यावर म्हणायची. ती एकेक ओळ दोनदा वाचू लागली.

"हाच खुनी निंगाला, तं मी दळताना काय म्हणू?" असं म्हणून तिने माझी शेवटची पानं शिवूनच टाकली.

भिवाजी हसला. "मेलेल्या मान्साले कायले भेतं?"

"मेला म्हणूनच भेतो. त्याले आता बोलता येत नाही ना."

खुनी कोण हे मला माहीत होतं. पण माझं तोंड शिवलेलं. त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली, मनातली धास्ती तशीच घेऊन.

भिवाजीने घर आवरलं. कागद त्याला सगळे सारखेच. जुन्या वर्तमानपत्रांबरोबर त्याने मलाही हबीबभाईंच्या किराणा दुकानात रद्दीत दिलं.

तिथले दिवस आठवले की अजून धडकी भरते. गिऱ्हाईक आलं की माझ्या पाठीत टर्रकन आवाज व्हायचा. एक पान हळदीला, एक जिऱ्याला. हबीबभाईंचा हात शिवलेल्या पानांकडे सरकत होता.

एके सकाळी भिवाजी धापा टाकत आला. मुठीत जिऱ्याची रिकामी पुडी होती, तिच्या कडेला हिरवा टाका.

"हबीबभाई, फाडू नोका. हे तिचं हाय."

"अरे, तूच तं देऊन गेला होता."

"मले अक्षर कुठं समजते? दोरा समजते."

हबीबभाईंनी मला पुसून त्याच्या हातात दिलं. पुढच्या गिऱ्हाइकाचं जिरं वर्तमानपत्रात बांधलं.

तो मला घेऊन प्रौढांच्या वर्गात तिला शिकवणाऱ्या दुर्गाबाईंकडे गेला. त्यांनी कात्री उचलली तसा तो म्हणाला, "कापू नोका बाई. उसवा." टाके निघत होते तसा त्याचा चेहरा उतरत होता. कवीच खुनी ठरला तर बायकोला काय सांगायचं, हीच भीती त्याला असावी. बाई वाचू लागल्या. शेवटून तिसऱ्या पानावर खुनी सापडला. मठाचा कारभारी.

घरी येऊन भिवाजीने दोरा जात्याच्या खुंट्याला बांधला. त्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "पंचफुले, तो नव्हता वं. म्हण आता तुहं गाणं."

मित्रांनो, पुस्तक रद्दीत टाकण्याआधी पानं उलटून बघा. कुणाचा तरी टाका असेल. आणि घरात कुणाला शेवट वाचायची भीती वाटत असेल, तर हसू नका. माणूस आहे तोवर शेजारी बसा आणि शेवट कुणाकडून तरी वाचून घ्या.