लिदीतले लांब धागे

शहरातून महिनाभराच्या सेवेला आलेल्या बाईंना थोरली हत्तिणीची लीद चिवडायचं काम दिलं, तेव्हा त्या नाक मुरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. कसलं काय! निवृत्त शिक्षिका त्या. रोज सकाळी उकिडव्या बसून चाऱ्याचे धागे पट्टीने मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. या छावणीत सवारी नाही, सोंड धरून फोटो नाही. गावातल्या बायांनी चारा आणायचा, पाहुण्यांनी असली कामं करायची. धागे आखूड निघाले तर हत्तिणीच्या दाढा शाबूत, लांब निघाले तर दाढा झिजल्या. मग तिला टेकडीपलीकडच्या छावणीत न्यायचं, तिथे मऊ शिजवलेलं खाणं मिळतं.

थोरलीच्या माहुताला यातलं एकच ऐकू आलं, न्यायचं. मागच्या साली एक म्हातारी हत्तीण अशीच तिकडे नेली आणि तिचा माहूत इथेच राहिला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. एकतीस वर्षांची संगत! पोटची पोर सासरी गेली तेव्हा या गड्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, पण आता घास गिळवेना. मग तो बाईंच्या आधी जाऊन लिदीतले लांब धागे वेचून टाकायला लागला. बायकोने हटकलं, तर म्हणाला, कचरा काढतोय. शहाणाच की नाही!

वहीत सगळं आलबेल, आणि थोरलीच्या बरगड्या मोजता याव्यात अशा वर आलेल्या. छावणीचे डॉक्टर वही बघून जंतांचं औषध देत राहिले. एका सकाळी ती बसली ती उठलीच नाही. दुपारी गेली.

बाई ढसाढसा रडल्या. माझंच मोजणं चुकलं, दादा, मला माफ करा, म्हणत त्याच्या पायाशी वाकल्या. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"तुमचं बरोबर होतं, बाई. लांब धागे मी काढून टाकायचो. तिला नेतील म्हणून."

डॉक्टरांनी हातातली वही मिटली.

"अहो, तिच्याबरोबर तुम्हालाही नेलं असतं. मागच्या साली तो माहूत स्वतःच नको म्हणाला होता. एकदा विचारायचं तरी होतंत."

माहूत खाली बसला. त्याने थोरलीच्या तोंडात हात घातला. गालात सकाळचा चारा तसाच होता, न चावलेला. एकेक लांब धागा काढून तो बाईंच्या पट्टीशेजारी ठेवत गेला.

"आता मोजा, बाई," तो म्हणाला.