माणसे आत, मी बाहेर

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे आणि खरे सांगायचे तर आयुष्यातली बरीच वर्षे मला कामच नव्हते. माझ्या आताच्या मालकाच्या, महादेवच्या, वडिलांनी मला बेळगावच्या बाजारातून पारखून आणले. "ह्ये कुणाला दाद देणारं कुलूप न्हवं," असे दुकानदार म्हणाला, तेव्हा मी केवढा फुगलो होतो! पण वडगावातल्या या घरी आलो आणि माझा तोरा उतरला. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, दिवसभर खटखट. माग चालतो त्या घरात माणूस असतोच, मग कुलूप कशाला? मला दारामागचा खिळा मिळाला. घरचे सगळे यात्रेला नाहीतर लग्नाला निघाले, की तेवढ्यापुरती माझी आठवण व्हायची. तेल तर कोणी दाखवलेही नाही. पोटात गंज धरला. किल्ली फिरवताना मला जरा वर उचलून धरावे लागे, आणि ही माझी खोड फक्त घरच्यांनाच माहीत होती.

पुढे साड्यांचे गिऱ्हाईक आटले. मागांसाठी घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले आणि बँकेची नोटीस दारावर, अगदी कडीच्या वर चिकटली. घराचा लिलाव होणार होता. त्या दिवसापासून मला काम मिळाले, पण असले काम कोणाला मिळू नये. वसुलीची माणसे फिरायच्या वेळी महादेव माग थांबवी, समोरून मला लावी आणि मागच्या दाराने आत येऊन बायको जयाबाईजवळ गुपचूप बसे. घरात कोणी नाही, हे खोटे मी गल्लीला सांगत लटकत असे.

नोटिशीचा वास लागून सुहासराव आले. अडचणीतली घरे पडत्या भावात घेणे हा त्यांचा धंदा, पण बोलणे कसे मऊसूत.

"आण्णा, लिलाव झाला तर अब्रू जाईल. त्यापेक्षा मला द्या. बँकेचं मी बघतो. तुम्ही हितंच भाड्यानं ऱ्हावा, माग चालवा. कोण उठवतंय तुम्हाला?"

महादेवला कन्नड बोलता येते फाडफाड, वाचता मात्र येत नाही. करार होता कन्नडमध्ये. जेवढा वाचून दाखवला तेवढा ऐकून नवराबायकोने सह्या केल्या. पानसुपारी झाली. इसाराचे पाकीट जयाबाईने देवाच्या फळीवर ठेवले. जाताना सुहासरावांनी माझी एक किल्ली मागून घेतली.

"किल्ली गेली, म्हंजे घर गेलंच की गं," महादेव म्हणाला. मला फार वाईट वाटले.

"अजून मोडता येत आसंल. मागल्या गल्लीतल्या कल्याणी वकीलबाईंस्नी इचारूया की," जयाबाई म्हणाली.

"पानसुपारी खाल्ल्या, शब्द दिलाय. आता मागं फिरलो तर गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"आता तरी कुठं दाखवतायसा? कुलूप लावून आत बसतायसा न्हवं?"

महादेवने उठून माग सुरू केला.

चार दिवसांनी भर दुपारी, मी वसुलीवाल्यांसाठी दारावर लटकत असताना, सुहासराव एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. मला पाहून म्हणाले, "बरं झालं, घरात कोण न्हाय." त्यांनी किल्ली घातली, फिरवली, हिसडली. मी हललो नाही. मुद्दाम अडलो असे म्हणायला मला आवडले असते, पण मी गंजलो होतो, एवढेच खरे.

"हे माग भाईर काढले की खोली लई मोठी दिसतीया," किल्लीशी झटापट करता करता सुहासराव सांगू लागले.

"आणि ती माणसं?"

"भाड्यानं ऱ्हावा म्हटलंय. तसं म्हणावंच लागतंय हो. खरेदी झाली की म्हैन्याभरात भाईर."

दाराच्या आतल्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर, दोघे ऐकत बसले होते. शेवटी कंटाळून सुहासराव निघून गेले.

"ऐकलीस?" महादेवने विचारले.

"ऐकलं. त्यानं शब्द मोडला. तुमी आता कुणाचा पाळतायसा?"

महादेव तडक मागच्या गल्लीत गेला आणि कल्याणी वकिलांना घेऊन आला. त्यांनी उंबऱ्यावरच बसून करार वाचला.

"आण्णा, हा नुसता करार हाय. खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत घर तुमचंच. आणि बघा, लेखी कळवून, इसार परत करून दोघांपैकी कोणीही हा करार मोडू शकतंय, असं ह्यातच लिहिलंय. मुदत परवापर्यंत. ही वाट त्यांनी स्वतःसाठी ठेवली असेल, पण ती तुमचीबी हाय."

"आणि किल्ली दिली ती?"

"किल्लीनं मालक बदलत न्हाईत, आण्णा."

दुसऱ्या दिवशी सुहासरावांना बोलावले. त्या दिवशी मला कोणी लावले नव्हते. दार सताड उघडे होते आणि मी कडीला नुसता अडकवलेला. जयाबाईने न फोडलेले पाकीट पुढे केले, कल्याणीबाईंनी करार मोडल्याचा कागद.

"पानसुपारी झाल्यावर माघार? शोभतंय का आण्णा?" सुहासराव चढ्या आवाजात म्हणाले.

"काल ह्या दाराशी उभारून तुम्ही जे बोललासा," महादेव शांतपणे म्हणाला, "ते मी आत बसून ऐकलंय."

सुहासरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पोच म्हणून सही केली, किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि चपला घातल्या.

संकट तेवढ्याने टळले नाही. थकलेले हप्ते भरायला एक माग विकावा लागला. तो टेम्पोत चढवताना जयाबाई पदराने डोळे पुसत होती. मग कल्याणीबाईंना सोबत घेऊन महादेव स्वतः बँकेत गेला. एवढे दिवस ज्यांना पाहून तो लपत होता, त्यांच्यासमोर बसला. पुढचे हप्ते लहान करून मिळाले, लिलाव टळला आणि दारावरची नोटीस काढली गेली. तिच्या डिंकाचा डाग अजून दारावर आहे.

त्या संध्याकाळी महादेवने मला मांडीवर घेऊन तेल घातले. इतक्या वर्षांनी! मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना असे अधूनमधून बघत जा, एवढे तर मी मागणारच. पण घरावर वेळ आली तर दाराला कुलूप लावून आत बसू नका. सही झाली असली, किल्ली दिली असली, तरी जाणत्या माणसाला विचारा, आणि मुदत आहे तोवर विचारा.

आता मी पुन्हा दारामागच्या खिळ्यावर असतो. एकाच मागाची खटखट चालते आणि दार दिवसभर उघडे असते. किल्ली आता सहज फिरते, पण फिरवायची वेळच येत नाही. देवाने मला असेच रिकामे ठेवावे.