जाणाऱ्या माणसाचा कौल

"खाली सपाटी आहे ना गो? तेवढं बघ आधी," यमुनाबाई म्हणाल्या.

श्रद्धाने मोबाईलवरचे चित्र बोटांनी मोठे केले. पांढऱ्याशुभ्र उतारावर रंगीत ठिपके विखुरले होते, आणि उतार जिथे सरत होता तिथे खरोखरच मोकळे मैदान पसरलेले होते.

"आहे की काकी. पण तुम्ही सारखं खालचंच काय विचारताय? बाकीच्या बायका विचारतात, वरून काय दिसतं."

"वरचं दिसतंच. घसरणारं माणूस थांबतं कुठं, ते विचारावं लागतं. आमच्या मळ्यांच्या उतरणीवर धावत सुटलं तर अडवायला बांध असतो. बर्फात बांध कोण घालणार?"

श्रद्धा हसली. रत्नागिरीत तिची प्रवासाची लहानशी कचेरी होती. एरवी ती काशी-रामेश्वराची आरक्षणे करी. या पौषात मात्र पूर्णगड आणि आसपासच्या बायकांना घेऊन ती प्रथमच हिमालयात निघाली होती. पूर्णगडात तिचे माहेर यमुनाबाईंच्या शेजारचे, म्हणून ती त्यांना काकी म्हणे. बाकीच्या बायकांना घोड्यावर बसायचे होते, शाली पाहायच्या होत्या. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याची, त्या स्कीइंगची इच्छा एकट्या यमुनाबाईंनी धरली होती; आणि स्थळही आपण पारखून निवडणार, असा त्यांचा आग्रह होता.

"सोलंग जवळ पडेल," श्रद्धा म्हणाली. "पण उतार आखूड, आणि माणसांची ही गर्दी."

"गर्दी नको. कुणाच्या अंगावर गेले तर?"

"मग औली. लांबलचक उतार, समोर हिमशिखरं. पण काकी, थोडंफार येतंय अशांना ते खरं गोड."

"म्हणजे दुसरीतल्या मुलांचं. मी अजून बिगरीत."

"हे चित्रातलं गुलमर्ग. इथे डोंगराच्या पायथ्यालाच मंद उतार आहेत, पसरट. वर ओढून नेणारी दोरी आहे, शिकवणारा माणूस शेजारी राहतो. दोन दिवसांत पाय बसला तर बाजूलाच थोडे मोठे उतारही आहेत. शिखराकडे दोरावरच्या पाळण्यातून जातात ते कसलेले लोक. तिकडे आपण बघायचं नाही."

यमुनाबाईंनी पुन्हा ते चित्र पाहिले. भाताचे वाफे लावताना पाण्याचा कल जोखावा तसा त्यांनी त्या उताराचा कल जोखला. मग त्या म्हणाल्या, "हेच. पण नाव पक्कं करू नकोस. कुठे जायचं ते मी ठरवलं. जायचं की नाही ते देवी ठरवील."

या इच्छेचे मूळ फार जुने होते. त्यांचे यजमान भिकाजी यांचा जन्म बोटीच्या सुकाणूवर गेला. एका हिवाळ्यात त्यांची बोट दूर परदेशातल्या कुठल्याशा थंड बंदरात अडकून पडली होती. घरी परतल्यावर जेवताना त्यांनी सहज सांगितले होते, की त्या बंदराच्या डोक्यावर एक पांढरा डोंगर होता, आणि सारा गाव तिथे घसरायला जाई. लाल टोपीची एक म्हातारी एका दुपारी कितीदा तरी पडली, आणि प्रत्येक वेळी आपली आपणच हसत उठली. भिकाजी सांगून विसरले. यमुनाबाई मात्र आमटी वाढता वाढता तिथेच थांबल्या. आपल्याकडे बाई पडली की लोक हसतात. आणि त्या तिथे पडणारीच हसते! पुढे सासूबाईंचे आजारपण, मुलगा दर्शन याचे शिक्षण, मळ्या, घर, सारे त्यांनी एकटीने निभावले. ती लाल टोपी मनाच्या कोपऱ्यात तशीच राहिली, देवघरातल्या न लावलेल्या समईसारखी.

संध्याकाळच्या एस.टी.ने त्या परतल्या तेव्हा भिकाजी ओटीवर बसले होते. हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना उंच डोंगरांवर जाण्यास मनाई केली होती. ओटीवरून खाडीचे मुख दिसे; आत-बाहेर करणारी होडी पाहणे एवढाच आता त्यांचा दर्या उरला होता.

"झाली का पसंती?"

"गुलमर्ग."

"पडशील."

"पडेन."

"अगो, ओल्या अंगणात चालताना भिंत धरतेस नि बर्फात काय घसरतेस?"

"भिंत धरते, कारण मला पडून चालत नव्हतं," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी पडले असते तर ह्या घरात उचलायला कोण होतं?"

भिकाजींनी खाडीकडे पाहिले. त्यांच्या औषधांची, जेवणाची व्यवस्था लागली होती. दर्शन मुंबईहून येऊन राहणार होता. अडवायला कारण उरले नव्हते.

"मी जाताना तुला कधी विचारलं नाय," शेवटी ते म्हणाले. "देवीला विचारलं. तूपण तिलाच विचार."

या घराचा तो नेमच होता. उंबरठ्याबाहेर लांब जाणाऱ्याने ग्रामदेवतेचा कौल घ्यावा. देवीच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा डावा कौल मिळाला तेव्हा भिकाजींनी भरलेली पेटी निमूटपणे रिकामी केली होती. त्या घरात देवीशी कुणी वाद घातला नव्हता.

मंगळवारी सकाळी दोघे देवळाच्या पायऱ्या चढू लागली. चढता चढता भिकाजींनी यमुनाबाईंच्या हातचा नारळ आपल्याकडे घेतला. ओझे घ्यावे म्हणून की सवयीने, ते त्यांनाही सांगता आले नसते. गाभाऱ्यात भागोजी गुरव होता. वयाने डोळे मंदावलेले, कानांनीही साथ सोडलेली. नारळ भिकाजींच्या हातात पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"ये रे भिकाजी! किती वरसांनी!"

यमुनाबाई काही सांगणार, तोवर पाकळ्या लागल्या होत्या आणि भागोजीचा आवाज गाभाऱ्यात घुमू लागला होता. "आई माउले, आज जो काय तुझा ल्योक भिकाजी चाकरीसाठी दर्यापार निघालाय, त्याच्या वाटेवरचा वारा-वादळ निवार, बोटीला किनारा दाव, जसा जातोय तसा सुखरूप घराकडं आण!"

"व्हय म्हाराजा!" यमुनाबाईंच्या तोंडून निघून गेले. आयुष्यभर हा होकार त्यांनीच दिला होता. निघणारा गप्प राहतो, मागे राहणारा बोलतो, ही तिथली रीत. उच्चारल्यावर त्यांच्या ध्यानी आले की आपण काय केले. त्यांनी यजमानांकडे पाहिले. आपले नाव आणि दर्या एका श्वासात ऐकून भिकाजींचे वाकलेले खांदे सरळ झाले होते. पाय किंचित फाकवून, हलणाऱ्या बोटीवर उभे राहावे तसे ते उभे होते.

उजवी पाकळी तत्काळ ओघळली.

"दिला! आईनं उजवा दिला!" भागोजी हर्षभराने म्हणाला. "कुठली बोट रे?"

"बोट नाय, भागोजी." भिकाजींचा आवाज खाली गेला. "मी नाय जात. ही जाते."

"वयनी? कुठं?"

"काश्मीरला," यमुनाबाई मोठ्याने म्हणाल्या. "बर्फावर घसरायला."

भागोजीने कानामागे हात धरून ते पुन्हा ऐकले. "घसरायला? अगो वयनी, न घसरण्यासाठी इथं गाऱ्हाणी घालून घालून माझे दात पडले! आता घसरण्याचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं घालू?"

यमुनाबाईंना हसू आले. भिकाजी मात्र हसले नाहीत. ती पडलेली पाकळी तळहातावर घेऊन ते तिच्याकडे पाहत होते. जाऊ न शकणाऱ्याला जाण्याची अनुज्ञा मिळाली होती.

भागोजीने तोड काढली. "तसं नडत नाय म्हणा. धन्याचा कौल तो कारभारणीचा कौल. उजवा पडलाय, बिनघोर जा."

सोपे होते. पायरी उतरावी आणि श्रद्धाला फोन करावा, एवढेच उरले होते. यमुनाबाईंनी पदर सावरला.

"नाही भागोजी. तो ह्यांचा. माझा वेगळा लाव."

"वयनी, मिळालेलं पुन्हा विचारू नये. डावा पडला तर?"

"तर नाही जायची. पण तो डावा माझा असेल."

भागोजीने भिकाजींकडे पाहिले. भिकाजींनी पाकळी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि हातातला नारळ यमुनाबाईंच्या ओंजळीत दिला. मग ते मागे सरले, सभामंडपातल्या खांबापाशी. त्यांच्या प्रत्येक प्रस्थानाच्या वेळी यमुनाबाई त्याच खांबाला टेकून उभ्या राहत.

नव्या पाकळ्या लागल्या. "आई माउले, आज जी काय तुझी लेक..." भागोजी अडखळला. साऱ्या जन्मात त्याने त्यांना वयनीच म्हटले होते. "नाव काय म्हणू?"

"यमुना."

"तुझी लेक यमुना बर्फाच्या मुलखात निघाल्येय. तिच्या पायाखालची वाट मऊ कर, पडली तर हात दे, आणि जशी जात्येय तशी सुखरूप घराकडं आण!"

गाऱ्हाणे संपले. होकार आला नाही.

"व्हय कोण म्हणणार?" भागोजीने विचारले.

यमुनाबाईंनी मागे पाहिले नाही. वादळात डोलकाठीच्या टोकापर्यंत पोहोचणारा भिकाजींचा आवाज जेमतेम खांबापुढे आला. "व्हय म्हाराजा."

"मोठ्यानं रे! मला नाय ऐकू आलं, तिला काय जाणार?"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. समईची ज्योत तेवढी मधून मधून वाकत होती. न राहवून यमुनाबाईंनी मान वळवली. भिकाजी खांब धरून उभे होते, आणि त्यांची दृष्टी देवीच्या डाव्या खांद्यावर खिळली होती.

ती दृष्टी यमुनाबाईंनी ओळखली. तोंडाने होकार द्यावा आणि डोळ्यांनी डाव्या पाकळीला 'पड गो बाई, पड' म्हणून विनवावे, हे त्यांनी स्वतः त्याच खांबाशी केले होते, दर वेळी, आणि कुणालाही सांगितले नव्हते. त्यांच्या मनात राग आला नाही. एवढी वर्षे जे कुणी पाहिले नाही ते आज समोर उभे होते, आणि त्याला आपल्याच यजमानांचा चेहरा होता.

भागोजीचा श्वास ऐकू आला. उजवी पाकळी देवीच्या पायांशी पडली होती.

कौलाची पाकळी निघणाऱ्याच्या वस्त्रात बांधायची, आणि ती मागे राहणाऱ्याने बांधायची. भागोजीने ती भिकाजींच्या हातात दिली. यमुनाबाईंनी पदराचे टोक पुढे केले. भर समुद्रात अंधारात जाडजूड दोर आवळणारी ती बोटे इवल्याशा गाठीत अडकली. गाठ एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. पायऱ्यांवर ऊन चढू लागले होते. यमुनाबाई पदर तसाच धरून, हात जराही न हलवता, गाठ पुरी होईपर्यंत उभ्या राहिल्या.