पाचव्या फोटोत रुक्मी नव्हती

रुक्मी माझी थोरली बहीण, आमच्या बोलीत म्बाक. जावातल्या वोनोसारीच्या बाजारात तिचं गुडेगचं, म्हणजे फणसाच्या गोडसर भाजीचं, दुकान आहे. रात्रभर फणस शिजतो, पहाटे गिऱ्हाईक लागतं आणि दहाच्या आत पातेलं रिकामं होतं. मी लग्नाचे फोटो काढते. रविवारी लग्न नसलं की दक्षिणेला समुद्रावर जाते, आणि एकटी बाई खडकांत ट्रायपॉड लावून उभी राहते हे रुक्मीला पटत नाही, म्हणून तीही स्कूटरवर मागे बसते. वाटभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवते.

त्या रविवारी ओहोटी होती. वातू इरेंगच्या किनाऱ्यावर ओहोटीला काळ्या खडकाचा लांबरुंद ओटा उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि पाण्याची डबकी. डाव्या हाताला उंच कडा आणि कड्याच्या पायथ्याशी एक घळ, आत अंधार. सूर्य समोर, जरा उजवीकडे कलला होता. असा समोरून उजेड आला की साधा फोटो फसतो. आभाळ धरलं तर खडक कोळसा, खडक धरला तर आभाळ पांढरंफटक. म्हणून एचडीआर. कॅमेरा न हलवता एकाच दृश्याचे पाच फोटो घ्यायचे, पहिला सगळ्यात काळोखा, पाचवा सगळ्यात उजळ, आणि घरी कॉम्प्युटरवर ते एकात मिसळायचे. पाचव्याला चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाटांचं दूध होतं.

"म्बाक, तिथे उभी राहा. त्या टोकाच्या जरा अलीकडे."

"मी काय मोजपट्टी आहे?"

"माणूस असला की कडा किती उंच ते कळतं."

"मग बारीक माणूस आण. माझ्याशेजारी तुझा कडा ठेंगणा दिसेल."

तरी ती गेली. चपला हातात घेऊन, डबकी चुकवत, डोक्याला नारिंगी ओढणी गुंडाळून. मी म्हटलं, अजून दोन पावलं. ती गेली. मी म्हटलं, अजून थोडी. तेव्हाही गेली.

कड्यावर पाक वागिरान, म्हणजे वागिरानकाका, बसला होता. दोर लावलेली गोल जाळी वरून पाण्यात सोडून तो शेवंडी धरतो. साठी उलटलेला माणूस. त्याने वरून मला हाक दिली, "दार्सिह, पाणी भरायला लागलंय. आवरा आता."

"एकच राहिला, पाक."

मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलं. समुद्राकडे पाहायला हवं होतं. आमच्याकडे पोरांना चालता यायच्या आधी हे शिकवतात. पहिला फोटो झाला, दुसरा, तिसरा. मग पायाखालचा खडक हलल्यासारखा वाटला आणि गुडघ्यापर्यंत पाणी आलं. मी ट्रायपॉडला मिठी मारली. पाणी ओढत मागे गेलं तेव्हा मान वर केली.

ओटा रिकामा होता. एक चप्पल डबक्यात गोल फिरत होती.

"म्बाक," मी म्हटलं. ओरडले नाही. ती मागेच कुठेतरी असेल, मला घाबरवत असेल, असं वाटलं. मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी टोकाकडे धावत सुटले.

"थांब," वागिरानचा आवाज आला. "तिथेच थांब. अजून दोन येणार आहेत."

त्या आल्या. मी खडकाच्या उंचवट्यावर चढून बसले आणि त्या दोन लाटा ओट्यावरून गेल्या तेव्हा माझी बोटं खडकात रुतली होती, नखं तुटली ते नंतर कळलं. समोर सूर्य डोळ्यांत जात होता. समुद्र सोन्याच्या पत्र्यासारखा झळकत होता आणि त्यात माणसाचं डोकं असतं तरी दिसलं नसतं.

वाळूवर शहाळी विकणारे दोघे धावत आले. त्यांतला म्हातारा पाण्याकडे बघून हळूच म्हणाला, "दर्याच्या राणीने नेली." दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

वागिरान कड्याच्या काठाशी पालथा पडून खाली वाकला. "इथलं पाणी एकतर बाहेर ओढतं," तो ओरडला, "नाहीतर घळीत नेऊन टाकतं. मला वरून घळीचं तोंड दिसत नाही. तुला दिसतंय का काही?"

मी पाहिलं. काळं. नुसतं काळं. सूर्याने डोळे दिपलेले, त्यात ती सावली. दिवस बुडायला पाव तास.

तेव्हा मला कॅमेऱ्याची आठवण झाली. माझ्या डोळ्याला जे दिसत नाही ते पाचव्या फोटोला दिसतं. मी परत गेले, ट्रायपॉड उचलून उंचवट्यावर आणला आणि कॅमेरा घळीकडे वळवला. बटणाला बोटाचा धक्का लागला की फोटो हलतो. म्हणून टायमर लावला. दोन सेकंद वाट, चार सेकंद फोटो. त्या सहा सेकंदांत मी काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

पडद्यावर आभाळ पांढरं, पाणी दूध, आणि घळ उघडी. आतले दगड, वरची कपार, सगळं. रुक्मी नव्हती.

कॅमेरा जरा डावीकडे वळवला. पुन्हा सहा सेकंद. कपारीच्या खाली नारिंगी ठिपका. तो मोठा करून पाहिला. पाण्यात असता तर पाण्यासारखाच फरफटला असता. हा स्थिर होता, त्याचे काठ धारदार. म्हणजे पाण्याबाहेर होता. पण मग लक्षात आलं. दगडाला अडकलेली नुसती ओढणीही अशीच स्थिर दिसते. आणि मेलेलं माणूसही.

तिसरा फोटो. ठिपका वीतभर वर सरकला होता.

"आहे," मी ओरडले. "आत आहे, पाक. जिवंत आहे. डाव्या भिंतीला, कपारीखाली."

वागिरानने जाळ्याचा दोर सोडून कमरेला बांधला. शहाळीवाले वर पळाले. दोघांनी दोर केवड्याच्या बुंध्याला वेढा देऊन धरला आणि वागिरान कड्यावरून उतरू लागला. अर्ध्यात लोंबकळताना त्यालाही आत काही दिसेना. मी फोटो घेत राहिले आणि ओरडत राहिले, "अजून डावीकडे. खाली. थांबा, लाट येतेय." लाट घळीत शिरली की आतून तोफेसारखा आवाज व्हायचा. पाणी उतरेपर्यंत मी श्वास घेत नव्हते. दर वेळी पुढचा फोटो पाहायची भीती वाटायची. एका फोटोत सगळीकडे फेसच होता, नारिंगी कुठेच नाही. तो फोटो मी आयुष्यभर विसरणार नाही.

पुढच्यात ती होती. शेजारी वागिरान, हात तिच्या काखेत.

आधी तिला वर ओढलं, मग त्याला. सूर्य तोवर बुडाला होता. मी वर पोचले तेव्हा ती गवतावर पडून खारं पाणी ओकत होती. उजव्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, पोटऱ्या शिंपल्यांनी सोलून निघाल्या होत्या. मी तिचा पाय धरला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्यात हाड बसवलं. त्यानंतरही ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी रोज तिच्या दुकानात फणस चिरायला जात होते. त्या दिवसांत एकदा मी ते आधीचे पाच फोटो कॉम्प्युटरवर उघडले. पहिल्या तीन फोटोंत ती उभी होती, तिसऱ्यात मान वळवून लाटेकडे बघत. चौथ्यात पांढरं पाणी. पाचव्यात ओटा मोकळा. पाच एकत्र केले तर कॉम्प्युटर हललेल्या वस्तू आपोआप पुसतो, ते मला माहीत होतं, तरी मी केले. खूप सुंदर चित्र आलं. कडा, सोनेरी आभाळ, दुधासारखं पाणी आणि माणूस एकही नाही. मी यंत्र बंद केलं आणि दिवा लावून बसले.

आठव्या दिवशी रुक्मी पातेल्यात डाव्या हाताने डाव फिरवत होती. माझ्याकडे न बघताच बोलायला लागली.

"आत काळोख होता. पण आतून बाहेरचं सगळं लख्ख दिसत होतं. मी तुला हाका मारत होते. तू कॅमेऱ्याला डोळा लावून उभी. एक फोटो, मग दुसरा, मग तिसरा. मला वाटलं, ही अजून फोटोच काढतेय."

मी फणस चिरायची थांबले.

"वागिरानने सांगितलं मला नंतर," ती म्हणाली. "कळतंय मला. पण आत असताना मला हे माहीत नव्हतं ना, दार्सिह. मी तशीच मरणार होते, तुझ्यावर चिडून. अजूनही पहाटे जाग येते तेव्हा तोच राग आधी येतो, मग बाकीचं आठवतं."

गिऱ्हाईक आलं. तिने केळीचं पान घेतलं, भात वाढला, वर गुडेग घातलं, आणि दुसरं पान माझ्याकडे सरकवलं, उकडलेलं अंडं सोलून ठेवायला.